जीप का तापत होती

वाळूजच्या एका कारखान्यात मी बॉयलरचं पाणी तपासते. बावीस वर्षं झाली. सकाळी गेल्यावर नमुने घ्यायचे, पाण्यात क्षार किती आहेत ते बघायचं, वहीत लिहायचं आणि काही बिघडलं असेल तर बॉयलरवाल्याला तोंडावर सांगायचं. पाणी कुठं तापतं, कुठं अडतं, नळीच्या आत थर कसा धरतो, हे मला कळतं. पण आमच्या घरात गाडी हा बायकांचा विषय नव्हता, त्यामुळं मला ते कळतं हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं.

मिस्टरांनी कारखान्यातून लवकर निवृत्ती घेतली आणि दोनच महिन्यांत जुनी जीप घरी आणली. माझ्याच मोठ्या भावाकडून. भाऊ चितेगावकडं राहतो, थोडी शेती, थोडी नोकरी, आणि जुन्या गाड्या घेणं-देणं हा त्याचा नाद. ही जीप वीस-बावीस वर्षांची होती. तिचं मूळचं इंजिन कुठल्या कुठं गेलं होतं, दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचं डिझेल इंजिन तिच्यात बसवलेलं होतं. चाकं ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाएवढी. आत चढायला मला स्टूल लागायचं. मी पहिल्याच दिवशी नको म्हणाले होते. मिस्टर म्हणाले, तुझ्याच भावाची गाडी आहे, घरातल्या घरात आहे, फसवणूक व्हायचं कारण नाही. मग मला पुढं बोलता येईना.

त्यांनी तिच्यावर आणखी कारागिरी चढवली. पुढं लोखंडी बंपर, त्यावर चार मोठे गोल दिवे, दिव्यांच्या मागं ट्रकचे दोन भोंगे, आणि सगळ्याला भडक लाल रंग. रोज सकाळी फडकं घेऊन ते तिला पुसायचे. निवृत्त माणसाला काहीतरी पाहिजे, म्हणून मी दुर्लक्ष केलं. पण खरं सांगायचं तर मला तिची शिसारी होती. आमच्या बजाजनगरच्या अरुंद गल्लीत ती अशी उभी असायची की समोरच्यांना स्कूटर काढायला वाकडं व्हावं लागायचं, आणि तिच्याखाली कायम काहीतरी ठिबकलेलं असायचं.

मार्चमध्ये करमाडला मिस्टरांच्या भाचीचा साखरपुडा होता. मुलगा पुण्याला नोकरीला, म्हणून तो नव्हता. सून आमच्याकडंच राहते, तिचं बीएडचं शेवटचं वर्ष आहे. लग्नाला तेव्हा आठ महिने झाले होते. मी, मिस्टर, सून आणि शेजारचे नवरा-बायको असे आम्ही जीपमधून निघालो. चिकलठाण्यापर्यंत ठीक होतं. पुढं रस्ता मोकळा मिळाला, त्यांनी वेग वाढवला, आणि तापमानाचा काटा हळूहळू लाल पट्टीकडं सरकायला लागला. मी मागून दोनदा सांगितलं. ते म्हणाले, तो काटा असाच आहे, जुना आहे. शेंद्र्याच्या अलीकडं बॉनेटमधून वाफ निघाली तेव्हा थांबले.

भर उन्हात, रस्त्याच्या कडेला, आम्ही तिघी बायका काठाच्या साड्या नेसून उभ्या. मी म्हणाले, अर्धा तास थांबा, आत्ता रेडिएटरचं झाकण उघडू नका. त्यांनी पंचा ओला केला आणि उघडलंच. आतून तपकिरी पाण्याचा फवारा उडाला. त्यांच्या मनगटावर फोड आले आणि शेजारी उभ्या सुनेच्या नव्या साडीवर पदरापासून निऱ्यांपर्यंत डाग पडले. त्या पाण्याला वास होता. गटाराचा नाही, तेलाचाही नाही. सडलेल्या अंड्यासारखा, आणि त्यात आणखी काहीतरी घरगुती, ओळखीचं, जे ओळखीचं असल्यामुळंच जास्त किळसवाणं वाटत होतं. साखरपुड्यात सून ओली साडी नेसून कोपऱ्यात बसून राहिली. मिस्टर मात्र मनगटाला मलम लावून सगळ्यांना जीपची गोष्ट सांगत होते, घोड्यानं लाथ मारल्याची सांगावी तशी.

त्यानंतर दीड महिना मिस्त्रीचा खेळ चालला. कोपऱ्यावरचा मिस्त्री चांगला माणूस आहे, पण त्याची पद्धत अशी की आधी काढायचं आणि मग विचार करायचा. पहिल्यांदा त्यानं थर्मोस्टॅट काढून फेकून दिला. इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी ती छोटी झडप असते. अपने इधर इसकी जरूरतच नाही, म्हणाला. दुसऱ्यांदा पाण्याचा पंप बदलला. तिसऱ्यांदा रेडिएटरचं झाकण. दर वेळी तो गाडी जागेवर अर्धा तास चालू ठेवायचा, काटा मध्यावर आला की बोट दाखवायचा आणि म्हणायचा, "देखो, एकदम ओके है." आणि दर वेळी रस्त्याला लागून पाच-सात किलोमीटर झाले की काटा लाल पट्टीत.

तिसऱ्या वेळी मी त्याला विचारलं, की जागेवर तापत नाही आणि रस्त्यावर तापते, तर जागेवर तपासून काय उपयोग? तो माझ्याकडं न बघता मिस्टरांना म्हणाला, मॅडमला बसवा, चहा सांगतो. मिस्टर हसले. त्या हसण्याचा मला जो वीट आला, त्यानंच पुढचं सगळं घडलं.

पुढच्या शनिवारी मी साहेबांना विचारून प्रयोगशाळेतलं बंदुकीसारखं थर्मामीटर घरी आणलं. करोनाच्या काळात कपाळावर धरायचे तसलंच, पण हे भट्टीसुद्धा मोजतं. रविवारी सकाळी गल्लीत जीपसमोर खुर्ची टाकून बसले. मिस्टरांना वाटलं मी रुसून काहीतरी नाटक करतेय. सून मात्र वही-पेन घेऊन शेजारी येऊन उभी राहिली. मी तिला बोलावलं नव्हतं.

आधी मी बंपरवरचे दिवे आणि भोंगे काढायला लावले. निम्मी जाळी त्यांनीच झाकलेली होती, आत वारा जाणार कुठून? मिस्टर कुरकुरले, पण शेजारी बघत होते म्हणून पाना घेऊन बसले. मग त्यांना वाळूजच्या मोकळ्या रस्त्यावर एक चक्कर मारायला लावली. मी शेजारी बसून काटा बघत होते. थोडा फरक पडला, पण काटा चढलाच. म्हणजे वारा हे खरं कारण नव्हतं.

घरी येऊन इंजिन बंद केलं आणि लगेच मापं घ्यायला लागले. मी आकडा सांगायची, सून लिहायची. पाणी गार व्हायला इंजिनातून रेडिएटरला येणारा वरचा पाइप चटका बसेल असा. रेडिएटरमधून इंजिनाकडं परत जाणारा खालचा पाइप त्या मानानं बराच गार. थर्मोस्टॅट असता तर म्हटलं असतं तो अडकला, पण तो मिस्त्रीनं केव्हाच फेकला होता. मग रेडिएटरवर आडवं-उभं, वीतभर अंतरानं मोजत गेले. वरच्या टाकीवर नव्वदच्या पुढं. खाली डावीकडं ऐंशी, पंच्याहत्तर. उजवीकडं चाळीस. पुन्हा मोजलं, चाळीसच. मे महिन्यातल्या उन्हात नुसता ठेवलेला पत्रासुद्धा तेवढा तापतो. म्हणजे उजव्या निम्म्या भागात गरम पाणी जातच नव्हतं. नळ्या कोंडलेल्या होत्या. जागेवर इंजिनाला काम कमी, तेव्हा उरलेल्या निम्म्या नळ्या कसंतरी भागवत होत्या. रस्त्यावर भार पडला की पुरत नव्हत्या. बॉयलरमध्ये हे मी शंभर वेळा पाहिलंय.

मला वाटलं बोअरचं पाणी भरलं असेल, क्षार धरले असतील. गाडी गार झाल्यावर मी खालचा नळ सोडायला सांगितला. मिस्टर म्हणाले, कशाला, आज राहू दे, उद्या मिस्त्रीकडं नेतो. त्यांचा आवाज बदलला होता, पण तेव्हा मला ते उमगलं नाही. मी स्वतःच पाना लावला. नळ उघडला तरी थेंब आला नाही. सुनेनं तार आणून दिली. तारेनं टोचलं, फिरवलं, आणि एकदम तांबूस पिवळा, चिकट, शेंबडासारखा गोळा बाहेर आला. तो बादलीत पडला आणि त्याच्यामागं पाणी सुटलं. वास असा उसळला की समोरच्या काकूंनी खिडकी लावून घेतली. गोळ्यात पांढऱ्या फाटक्या पापुद्र्यासारखे तुकडे होते. माझा हात मनगटापर्यंत बरबटला. बावीस वर्षांत मी कसलंही पाणी हातात धरलंय, पण त्या दिवशी तो हात मी अंगापासून लांब धरला.

हे क्षार नव्हते. क्षाराचा थर खडूसारखा असतो, असा लोंबत नाही.

मी दारातल्या नळाखाली हात धरला आणि कपड्याच्या साबणाची वडी चोळली. फेस लाल झाला. कुंकवासारखा लालभडक.  हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे कुठल्याही बाईला माहीत असतं, त्याला प्रयोगशाळा लागत नाही. रेडिएटरमध्ये हळद होती. थोडीथोडकी नाही, वाट्याच्या वाट्या.

गळका रेडिएटर बंद करायला काही लोक हळद घालतात हे मी ऐकून होते. ती जाऊन भोकात बसते आणि गळती थांबते. अंड्याचा पांढरा बलकही घालतात, तो आत उकडून भोक बुजवतो. पण हळद फक्त भोकातच बसत नाही, नळ्यांतही बसते. मला पहिला राग आला तो भावाचा. बहिणीच्या घरात गळकी गाडी हळद घालून खपवली. मी ओल्या हातानंच त्याला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलले.

त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "अगं, मी कुठं लपवलं? दाजींला गाडी देतानाच सांगितलं होतं. एका कोपऱ्यात जरा झिरपतंय, महिन्या-पंधरा दिवसाला दोन चमचे हळद टाकत जा म्हणलं. अंडं मी एकदाच घातलं होतं. हळद मात्र ते आजून आठवड्याला वाटीभर टाकतेत. परवाच म्हणले, लई गुण येतोय म्हणून."

मी फोन ठेवला. मिस्टर बंपरचा नट हातात घेऊन उभे होते आणि त्या नटाकडंच बघत होते.

आणि मग मला आठवलं. गेले सहा महिने आमच्या घरात हळद टिकत नव्हती. डबा भरावा आणि आठ-दहा दिवसांत तळ दिसावा. मी ते सगळं सुनेच्या नावावर लिहिलं होतं. नवी मुलगी, हाताला अंदाज नाही, असं आधी मनात म्हटलं. मग तोंडावर म्हणायला लागले. हळद जरा बेतानं घाल गं, तुझ्या माहेरी काय पोत्यानं येते का? एकदा समोरच्या काकूंसमोर म्हणाले, आमच्या सूनबाईंची भाजी जास्त पिवळी की हात, हेच कळत नाही. काकू हसल्या, मीही हसले. सून कणीक मळत होती, तिनं मान वर केली नाही. शेवटी तर मी डबा वरच्या फळीवर ठेवला आणि रोज सकाळी तिला लागेल तेवढी हळद वाटीत काढून द्यायला लागले. एका शिकलेल्या, शिक्षिका होऊ घातलेल्या मुलीला. आणि वरच्या फळीवरूनही हळद संपत राहिली, तेव्हा मला वाटलं, ही माझ्या माघारी स्टूल घेऊन चढते.

त्या बादलीतल्या गोळ्यापेक्षा मला त्या क्षणी स्वतःची जास्त किळस आली.

आत गेल्यावर मी मिस्टरांना विचारलं, की मी पोरीला बोलत होते ते तुमच्या कानावर येत नव्हतं का? ते पलंगाच्या काठावर बसले. म्हणाले, गाडी घेऊ नको म्हणून तू आधीच सांगितलं होतंस, गळते म्हटलं असतं तर रोज ऐकवलं असतंस. मी म्हणाले, ते माझं आणि तुमचं झालं. पोरीचं काय?

"दोन चमचे हळदीचा काय एवढा विषय?" ते म्हणाले. "बायकांत असं चालतंच की."

तीस वर्षांच्या संसारात मी त्यांच्यावर चिडले आहे, रडले आहे, आठ-आठ दिवस बोलले नाही असंही झालंय. पण समोर बसलेल्या माणसाकडं बघवत नाही, असं पहिल्यांदाच झालं. साठीला आलेला माणूस बायकोची बोलणी चुकवायला चोरून स्वयंपाकघरात शिरतो, स्टुलावर चढतो, हळद काढतो, आणि त्याबद्दल दुसऱ्याच्या लेकीला अपमान सोसायला लावतो. वर भाच्यांना रस्त्यावरच्या शौर्याच्या गोष्टी सांगतो. मी त्यांना जेवायला वाढलं, पण समोर बसले नाही.

सून गच्चीवर कपडे काढत होती. मी वर गेले. काय बोलायचं ते जिन्यात ठरवलं होतं, पण वर गेल्यावर ते आठवेना. चुकलं माझं, एवढंच म्हणाले. ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली. मग मी विचारलं, तुला माहीत होतं का?

माहीत होतं, म्हणाली. दिवाळीच्या आसपास तिनं बाबांना डब्यातून हळद कागदात बांधून नेताना पाहिलं होतं. पूजेला लागत असेल असं वाटलं. करमाडहून आल्यावर तिनं ती डागाळलेली साडी एकटीनं न्हाणीघरात धुतली, पाणी लाल झालं, तेव्हा तिला सगळं कळलं.

मी म्हणाले, मग तेव्हाच का नाही सांगितलंस? दीड महिना मिस्त्रीकडं हेलपाटे झाले.

तिनं हातातली घडी खाली ठेवली. "आई, बाबा चोरून हळद नेतात असं मी सांगितलं असतं, तर तुम्ही मला काय म्हणाला असता?"

खरं उत्तर मला माहीत होतं. खोटारडी म्हणाले असते. वर आणखी सासऱ्यावर आळ घेते म्हणून पुण्याला मुलाला फोन केला असता. ती मुलगी मला आठ महिन्यांत तेवढी ओळखून होती. तिनं माझ्याकडं बघितलं, उत्तर मिळाल्यासारखं मान हलवली आणि पुन्हा कपडे काढायला लागली. मीही दोरीच्या दुसऱ्या टोकाकडून काढायला लागले. 

सोमवारी मी सुट्टी टाकली आणि रेडिएटर काढून घेऊन मिस्टरांबरोबर शहरातल्या एका जुन्या कारागिरांकडं गेले. पांढरी दाढी, कानाला ऐकायचं यंत्र, आणि दुकानात फक्त रेडिएटर. त्यांनी वरची-खालची टाकी सांध्यांवरची झाळ वितळवून उघडली आणि आत बघून तोंड वाकडं केलं. मग एकेका नळीतून पातळ पोलादी पट्टी घालून आतला घट्ट झालेला लगदा ढकलून काढायला लागले. तासभर ते काम चाललं. काही नळ्या मोकळ्या झाल्याच नाहीत, त्या त्यांनी सोडून दिल्या. शेवटी रिकामा रेडिएटर पाण्याच्या हौदात बुडवून हवा सोडली. खालच्या उजव्या कोपऱ्यातून बारीक बुडबुडे वर आले. त्यांनी तिथं खडूनं खूण केली आणि मला बोलावून दाखवली. सुईच्या टोकाएवढं भोक.

मिस्टर म्हणाले, एवढंच? कारागिरांनी झाळायचा लोखंडी दांडा गरम केला, कथलाचा एक थेंब ठेवला आणि फुंकर मारली.

"साहेब, इतना-सा काम था," ते म्हणाले. "इसमें बिर्याणी कायको पकाए?"

मिस्टर हसले नाहीत. मला हसू आलं असतं, पण आलं नाही. त्या थेंबाकडं बघताना मला पुन्हा सगळ्याची किळस आली. एवढ्याशा भोकासाठी सगळ्या नळ्या चोंदल्या, इंजिन महिनोन् महिने उकळलं, मनगट भाजलं, आणि घरात मी एका मुलीला रोज वाटीत हळद मोजून दिली.

रेडिएटर बसवल्यावर स्वच्छ पाणी आणि कूलंट भरलं, नवा थर्मोस्टॅट मी बसवायलाच लावला. मिस्त्रीनं या वेळी काही सुनावलं नाही. पाणी भरायच्या आधी त्यानं इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, उघडून बघितलं, नशिबानं ते तापून वाकलं नव्हतं. करमाडच्या रस्त्याला गाडी चार माणसं घेऊन गेली आणि आली, काटा मध्यावरच राहिला.

आठवडाभरात मिस्टर गल्लीत लोकांना सांगायला लागले, की रेडिएटरच चोक होता, आम्ही बरोबर शोधून काढला. आम्ही म्हणायचे. एक दिवस मी ते दारात उभं राहून ऐकलं. पण त्याच संध्याकाळी त्यांनी स्वयंपाकघरात येऊन, माझ्यासमोर, सुनेला म्हटलं, "बेटा, माझ्यामुळं तुला ऐकून घ्यावं लागलं." एवढंच म्हणाले आणि लगेच पाणी पिऊन बाहेर गेले. त्यांच्याकडून एवढं येईल असंही मला वाटलं नव्हतं. सून म्हणाली, असू द्या बाबा. तिच्या आवाजात राग नव्हता आणि मायाही नव्हती. वर्गातल्या मुलानं उशिरा आणलेली वही घ्यावी तसं तिनं ते घेतलं.

जून संपता संपता तिची परीक्षा झाली. ती पुण्याला मुलाकडं राहायला जायचं म्हणते, तिथल्या शाळांत अर्ज केलेत. जाणारच होती, आधीपासून ठरलेलं होतं. तरी ती लवकर जाते आहे असं मला वाटतं, आणि ते तिला विचारायचं धाडस मला होत नाही. परवा तिला बसस्टँडवर पुस्तकांचं खोकं पार्सल करायला जायचं होतं. मिस्टर म्हणाले, चल, जीपमधून सोडतो. ती म्हणाली, नको बाबा, रिक्षा सांगितली आहे. मी खोक्याची दुसरी बाजू धरली आणि तिच्याबरोबर रिक्षात बसले. रस्ताभर खोकं आमच्या दोघींच्या मांडीवर होतं. क्रांती चौकाच्या सिग्नलला तिनं विचारलं, की तुमच्या कारखान्यात बॉयलरच्या नळीतला थर किती जाड होईपर्यंत बाहेरून कळत नाही? मी तिला सांगत गेले आणि ती ऐकत गेली, बसस्टँड येईपर्यंत.